वसईचा वायू आणि उतरता दाब

वसई म्हटले की १७३९ सालचे चिमाजीअप्पा आठवतात. त्याच वसईच्या नावाचे वायुक्षेत्र १९७६ मध्ये अरबी समुद्रात सापडले आणि १९८८ पासून त्यातील वायू सागरतळावरील नळाने हजिऱ्याला जाऊ लागला.

क्षेत्र जुने झाले म्हणजे त्यातील वायू संपला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः आधी सरतो तो दाब. खडकात वायू शिल्लक असतो. किनारा गाठण्याचे बळ मात्र त्याच्यात उरत नाही. तेव्हा समुद्रातील प्लॅटफॉर्मवर कॉम्प्रेसर बसवून त्याला रेटा द्यावा लागतो. वसईतही तेच करावे लागले. कुळ्याहून घाट चढणाऱ्या गाडीला बँकर इंजिन का लावतात, हे कॅसलरॉककरांना मी काय सांगावे! विहिरीत पाणी शिरू लागले, की मात्र नुसता रेटा पुरत नाही; मग जुन्याच विहिरीतून नवी शाखा खोदून कोरडा खडक गाठावा लागतो.

शोधाचे सोहळे आपण पुष्कळ केले. टिकवणुकीचा इतिहास कोणी लिहीत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. १९७४ मध्ये मुंबई हाय येथे पहिली विहीर खोदणारी ‘सागर सम्राट’ पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित झाली. तीच रिग रूपांतरित होऊन डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईपासून सुमारे १४० किलोमीटरवर तेल-वायूच्या उत्पादनास लागली, ही वार्ता बहुतेकांच्या कानी गेलीच नाही.