दप्तरं राखणारा मुलगा

खेळाचा तास लागला की चौथीचा तो वर्ग दोन मिनिटांत रिकामा व्हायचा. खिडकीपाशी एक मुलगा तेवढा उरायचा. पायांना कॅलिपर, आणि समोर साऱ्या वर्गाची दप्तरं. वर्गशिक्षिका मायेनं म्हणाल्या, "हा आमचा राखणदार. हा असला की वर्गातली पेन्सिलसुद्धा हरवत नाही." हजेरी जवळजवळ पूर्ण, अक्षर वळणदार, प्रगतिपुस्तकावर चांगला शेरा. सरकारी नोंदीत तो 'समावेशित' विद्यार्थी होता आणि ती नोंद खोटी नव्हती. मी त्याच्याजवळ बसून विचारलं, "या तासाला तू काय करतोस?" तो म्हणाला, "खो-खो बघतो. मला सगळे नियम येतात. परवा सरांनी फाउल दिला नाही, पण होता." त्याला पंच करावं, हे शाळेत कुणाला सुचलं नव्हतं. त्या दिवशी मलाही सुचलं नाही. सुचलं ते परतीच्या एसटीत.

हे पुस्तक ज्या अभ्यासक्षेत्राचं आहे, ते मला त्या खिडकीपाशी भेटलं. शिक्षक, समुपदेशक, बी.एड.चे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी हे लेख एकत्र केले आहेत. ही प्रस्तावना वाचणारे बहुतेक जण या वाटेवर नवे असतील असं धरून चालतो. तुमचं मनापासून स्वागत.

आधी शब्दांचा उलगडा करू, कारण इथे शब्दांवरून बरेच गैरसमज होतात. आपल्याकडे दिव्यांग मुलांचं शिक्षण स्वतंत्र शाळांतून सुरू झालं. अंधांसाठीची देशातली पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. पुण्याची अंधशाळा १९३४ची, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची मुंबईतली जय वकील शाळा १९४४ची. इतर कुठलंही दार उघडं नव्हतं तेव्हा या शाळांनी मुलांना शिकवलं, जेवू घातलं, माणसात आणलं. त्यांच्याविषयी उणं बोलण्याची जी पद्धत अलीकडे पडली आहे, ती मला मान्य नाही. पुढे कोठारी आयोगानं ही मुलं शक्य तिथे सर्वसाधारण शाळेत यावीत असं म्हटलं, आणि १९७४ साली केंद्राची एकात्म शिक्षणाची योजना आली. एकात्म शिक्षणात शाळा होती तशीच राहते आणि मुलानं तिच्यात बसायचं असतं. समावेशक शिक्षणात शाळेनं बदलायचं असतं. १९९४ साली स्पेनमधल्या सालामांका इथे ९२ देशांच्या सरकारांनी ही दुसरी कल्पना उचलून धरली. भारताच्या २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं तिची व्याख्याच केली. त्या व्याख्येचे दोन भाग आहेत: दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतील, आणि शिकवण्याची व्यवस्था दिव्यांग मुलांच्या गरजांप्रमाणे बदललेली असेल.

पहिला भाग प्रवेशाच्या दिवशी पूर्ण होतो. दुसऱ्याला वर्षं लागतात, पैसा लागतो, माणसं लागतात. मुलाच्या मनाचं बरंवाईट माझ्या मते जवळजवळ सगळं या दुसऱ्या भागावर ठरतं. हेच या प्रस्तावनेत मला सांगायचं आहे.

एकत्र बसण्यानं मनाला बरं वाटतं की वाईट, यावर मानसशास्त्राकडे दोन जुनी उत्तरं आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध जातात. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडलं की माणूस स्वतःला आजूबाजूच्यांशी ताडून पाहतो. हर्बर्ट मार्श यांनी पुढे तोच विचार शाळेत नेला: हुशार मुलांच्या वर्गात पडलेलं सामान्य मूल स्वतःला कमी लेखू लागतं, तेच मूल साध्या वर्गात असेल तर स्वतःविषयी बरं मत बाळगतं. हे दिव्यांग मुलाला लावून पाहा. विशेष शाळेत जो मुलगा वाचनात पहिल्या तिघांत होता, तो गावच्या शाळेत शेवटचा ठरतो. त्याची क्षमता तीच असते, शेजार बदललेला असतो. दुसरं उत्तर गॉर्डन ऑलपोर्ट यांचं, तेही १९५४चंच. वेगवेगळ्या गटांतली माणसं एकमेकांच्या सहवासात आली की पूर्वग्रह विरघळतात, असं ते म्हणाले. त्यांचं एवढंच वाक्य सगळीकडे सांगितलं जातं. त्यांनी घातलेल्या अटी मात्र गळून जातात: दोघांचा दर्जा सारखा हवा, दोघांचं उद्दिष्ट एक हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. दप्तरं राखणाऱ्या मुलाला सहवास पुष्कळ होता. या चारांपैकी पहिल्या तीन अटी त्याच्या वाट्याला आल्या नव्हत्या.

म्हणूनच संशोधनाचे निष्कर्ष वाचताना नवख्या अभ्यासकाचा गोंधळ उडतो. मेरी वॉर्नॉक यांच्या समितीनं १९७८ साली ब्रिटनमध्ये विशेष गरजांच्या मुलांसाठी सर्वसाधारण शाळेची दारं उघडण्याचा पाया घातला. त्याच वॉर्नॉकबाईंनी २००५ साली लिहिलं की या धोरणाचा जो अर्थ लावला गेला त्यात कितीतरी मुलांचे हाल होत आहेत, आणि फेरविचाराची मागणी केली. २०२२ साली कॅम्पबेल कोलॅबोरेशननं उपलब्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला. समावेशक वर्गात बसल्यानं मुलांच्या शैक्षणिक यशावर किंवा भावनिक-सामाजिक विकासावर होणारा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. काहींनी यावरून समावेशन फसलं असा अर्थ काढला. मला तो घाईचा वाटतो. काही मुलं फुलली आणि काही कोमेजली, तरी सरासरी शून्यच येते. कोणत्या वर्गात फुलली आणि कोणत्या वर्गात कोमेजली, हे शोधणं हेच पुढच्या अभ्यासकाचं काम आहे. त्यासाठी 'मूल कुठे बसतं' या एका प्रश्नावर थांबून चालणार नाही.

शिवाय 'दिव्यांग विद्यार्थी' म्हणून एकच कुणी नसतो. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि प्रत्येकाची वर्गातली लढाई निराळी. कर्णबधिर मुलीचं पाहा. पहिल्या बाकावर बसवलं, श्रवणयंत्र दिलं, फळ्याकडे तोंड करून बोलू नका असं शिक्षकांना सांगितलं. इतकं सगळं केल्यावर पाठ तिला समजेलही. पण मधल्या सुट्टीत पाच मुली एकदम बोलतात, हसतात, विषय बदलतात. तिनं विचारलं, "काय झालं?" तर उत्तर येतं, "काही नाही गं, नंतर सांगते." ते नंतर येत नाही. खुणांची भाषा येणारं वर्गात दुसरं कुणीच नसेल, तर चाळीस मुलींच्या गजबजाटात ती एकटी असते. कर्णबधिरांच्या चळवळीतले अनेक जण स्वतंत्र शाळांचा आग्रह का धरतात, ते इथे कळतं. त्यांना समाजापासून तुटायचं नाही. त्यांना गप्पा मारायच्या आहेत.

स्वमग्न मुलांची गोष्ट आणखी वेगळी. सर्वसाधारण शाळेत टिकण्यासाठी यांतली कित्येक मुलं आपलं वेगळेपण झाकायला शिकतात. हात हलवायचा तो खिशात दाबून धरायचा, नजरेला नजर द्यायची, विनोद कळला नाही तरी हसायचं. शाळा सांगते, "काही त्रास नाही, छान रुळलाय." घरी आल्यावर मूल दार लावून घेतं, नाहीतर तासभर रडतं. असं झाकून राहणं चिंता आणि नैराश्याशी जोडलेलं आढळतं, हे गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांनी दाखवलं आहे. म्हणून शाळेच्या फाटकाशी आपली विचारपूस संपवू नका. साडेपाच वाजता घरी काय होतं, ते आईला विचारा.

अध्ययन अक्षमतेत दुःख निदानाच्या आधीचं असतं. 'आळशी', 'ढ', 'लक्षच देत नाही' हे ऐकत मूल सहावी-सातवीत पोचतं, आणि मग कुणीतरी सांगतं की हा डिस्लेक्सिया आहे. 'तारे जमीं पर' या २००७च्या चित्रपटानं तो शब्द घराघरांत नेला. नाव मिळाल्यावर पुष्कळ मुलांना हायसं वाटतं. पण त्याच नावानं मिळणारी सवलत वापरायची म्हटलं की दुसरी लाज समोर येते. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, गणकयंत्र अशा सवलती बऱ्याच वर्षांपासून आहेत. तरीही 'वेगळ्या खोलीत बसावं लागेल, सगळ्यांना कळेल' म्हणून त्या नाकारणारी मुलं मला भेटली आहेत. सवलत देण्याची पद्धत सवलतीइतकीच महत्त्वाची आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांचाही एक फास आहे: चाळीसच्या खाली असलेलं मूल त्रास सोसतं आणि त्याच्या हाती काही लागत नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली स्पष्ट केलं की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्के ही अट असू शकत नाही. हा निकाल शाळाशाळांत वाचला जायला हवा.

छळाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर या ग्रंथात सविस्तर लेख आहे. 'द लॅन्सेट'मध्ये २०१२ साली आलेल्या आढाव्यानुसार दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या साडेतीन पटींहून अधिक असते. आपल्या शाळांत ती बहुधा टोपणनावापासून सुरू होते. व्यंगावरून नाव पाडायची आपल्याकडे इतकी जुनी सवय आहे की शिक्षकही ते नाव सहज उच्चारतात. पण नुसता छळ मोजला तर अर्धीच गोष्ट हाती लागते. अति मदतही मुलाला खाली ढकलते. डबा उघडून देणं, वाक्य पुरं करून देणं, स्पर्धेतून परस्पर वगळणं हे सारं प्रेमानं होतं, म्हणून मुलाला त्यावर रागावताही येत नाही.

आणि काही त्रास तर मनाचे वाटतच नाहीत. चाकाची खुर्ची वापरणारी मुलगी शाळेच्या दिवशी पाणी पीत नाही, कारण स्वच्छतागृहाला पायरी आहे आणि दार अरुंद. दुपारपर्यंत तिचं डोकं दुखतं, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. शेरा पडतो: 'एकाग्रतेचा अभाव'. अशा मुलीला समुपदेशकाकडे पाठवण्याआधी गवंड्याला बोलावलं पाहिजे.

इथेच मानसतज्ज्ञांच्या एका जुन्या चुकीची नोंद करतो. स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवलं की बौद्धिक अक्षमता आहे म्हटल्यावर तज्ज्ञांना त्या माणसाची भीती किंवा उदासी कमी दिसू लागते. अपंगत्वाची सावली बाकी सगळ्यावर पडते. जेवणं सोडलेल्या, खेळणं सोडलेल्या मुलाबद्दल "तो असाच आहे" असं म्हटलं जातं. तो असा नव्हता, गेल्या दिवाळीपर्यंत तो दंगा करायचा, हे सांगायला कुणीतरी त्याला ओळखणारं लागतं. बहुतेक ठिकाणी ती आई असते. पुष्कळ शाळांच्या व्हरांड्यात अशी एखादी आई सकाळपासून बसलेली असते: मुलाला उचलायला, शौचाला न्यायला, फिट आली तर धरायला. तिच्या मनाचं काय होतं, यावर या पुस्तकात एक लेख आहे. तो आधी वाचलात तरी हरकत नाही.

शिक्षकांवर सगळं ढकलून मोकळं व्हावं, असं मात्र नाही. एका वर्गात पन्नास मुलं सांभाळणाऱ्याला आपण संवेदनशीलतेचे धडे देतो, पण मदतीला माणूस देत नाही. तालुक्यातल्या गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक शाळेमागून शाळा फिरतात, एका मुलापर्यंत पुन्हा पोचायला त्यांना दिवस लागतात. विशेष शिक्षकामागे प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग मुलं असावीत, असं प्रमाण २०२१च्या दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं पुढे ठेवलं. आपल्या तालुक्याचं प्रमाण काढून पाहण्याइतकं सोपं आणि उपयोगी संशोधन दुसरं नाही. आणि जी मुलं शाळेत आलीच नाहीत, त्यांचं मन तर आपल्या अभ्यासात येतच नाही. युनेस्कोच्या २०१९च्या भारतविषयक अहवालानुसार ५ ते १९ वयोगटातली एक चतुर्थांश दिव्यांग मुलं कुठल्याही शिक्षणसंस्थेत नव्हती.

तुमच्यातले काही जण यापुढे स्वतः अभ्यास करतील. त्यांना एक विनंती. मुलाच्या मनाबद्दल शिक्षकांना विचारण्याचा, पालकांना विचारण्याचा रिवाज आहे. मुलाला विचारा. बोलता येत नसेल तर चित्रांतून विचारा, खुणांतून विचारा, वेळ द्या. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी भाषांतर हातात घेऊन जाऊ नका. आपली मुलं 'मला निराश वाटतं' असं म्हणत नाहीत. ती म्हणतात, पोटात दुखतंय. ती म्हणतात, कंटाळा आला, शाळेत नाही जायचं, मला काही होत नाही. सोमवारी सकाळी दुखणारं पोट शनिवारी दुपारी थांबत असेल, तर त्याची नोंद करा.

आणि शाळेत जाल तेव्हा पहिल्या तासाला जाऊ नका. त्या वेळी सगळी मुलं ओळीत बसलेली असतात आणि काहीच दिसत नाही. मधल्या सुट्टीत जा, खेळाच्या तासाला जा. डबा कोण कोणाबरोबर खातं ते पाहा, आणि वर्गात कुणी उरलं असेल तर त्याच्याशेजारी जाऊन बसा.