तेलाचा लांबचा वळसा : पोर्शे ९११ आणि तिच्या दोन नळ्या



आजची गोष्ट दोन नळ्यांची आहे. गाडी मात्र जगप्रसिद्ध, पोर्शे ९११. तिच्या वेगाबद्दल आणि आकाराबद्दल भरपूर बोललं गेलंय. पण १९७० किंवा ८०च्या दशकातली ९११ लिफ्टवर चढवली, की जाणता मेकॅनिक आधी उजव्या दाराच्या खालची कड बघतो. तिथून दोन जाड नळ्या मागून पुढे गेलेल्या असतात. त्यांतून इंजिनचं उकळतं तेल वाहतं. इंजिन गाडीच्या शेपटाला आणि तेल थंड होतं पुढच्या चाकापाशी! एवढा वळसा कशासाठी, हे कळल्याशिवाय त्या नळ्यांची दुरुस्तीही नीट कळत नाही. म्हणून आधी थोडा इतिहास.

सप्टेंबर १९६३. फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात श्टुटगार्टच्या पोर्शे कंपनीनं नवी गाडी मांडली. तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्युजो कंपनीनं हक्क सांगितला, आणि ९०१ची ९११ झाली. सहा सिलिंडर, १९९१ सीसी, १३० अश्वशक्ती. रेडिएटर नाही, पाणी नाही. सगळे म्हणत, हे हवेवर थंड होणारं इंजिन आहे. ते अर्धंच खरं होतं. पंखा सिलिंडरवर वारा मारायचा, पण आतली बरीच उष्णता बाहेर काढायचं काम तेलाकडे होतं. वंगण आणि थंडावा, दोन्ही एकाच तेलानं द्यायचं.

दुसरा प्रश्न वळणांचा होता. साध्या गाडीत तेल इंजिनच्या तळाच्या परातीत साठतं. वेगानं वळलं, की ते एका बाजूला धावतं. ताटातली आमटी ताट कललं की धावते, तसंच. त्या क्षणी पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा आली, तर बेअरिंग कोरडं पडतं आणि काही सेकंदांत इंजिनचा निकाल लागतो. म्हणून ९११मध्ये तेलाची टाकीच वेगळी केली. एक पंप टाकीतलं तेल दाबानं इंजिनला देतो, दुसरा तळाशी जमलेलं तेल उपसून परत पाठवतो. याला ड्राय संप म्हणतात. ही पद्धत आपल्याकडे अगदीच परकी नाही. मद्रासला वर्षानुवर्षं बनलेल्या जुन्या बुलेटमध्येही तेलाचा कप्पा वेगळाच असायचा, आणि रॉकरला तेल नेणारी बारीक नळी इंजिनच्या बाहेरून दिसायची. ज्यांनी ती पाझरताना पाहिली आहे, त्यांना आजचा विषय लगेच कळेल.

ताकद वाढली तशी उष्णता वाढली. १९६९च्या ९११ एस मॉडेलला इंजिनवरचा कूलर पुरेना. मग उजव्या पुढच्या मडगार्डात आणखी एक कूलर बसवला. तिथवर तेल न्यायचं आणि परत आणायचं, म्हणून या दोन नळ्या आल्या. मागे एक थर्मोस्टॅट आला. तेल थंड असेपर्यंत तो त्याला पुढे सोडत नाही, थेट टाकीत धाडतो. तेल ८० अंशांच्या वर तापलं, की वाट उघडतो.

या तेलाच्या व्यवस्थेनं एक गंमतही घडवली. १९७२च्या मॉडेलमध्ये वजनाचा तोल सुधारायला टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायचं झाकण बाहेर, उजव्या दारामागे दिलं. पेट्रोल पंपावरच्या माणसांना ते पेट्रोलचं वाटायचं, आणि तेलाच्या टाकीत पेट्रोल पडायचं! पुढच्याच वर्षी टाकी मूळ जागी गेली.

आता बिघाडाकडे येऊ. या नळ्या गाडीच्या कडेला, खाली, उघड्यावर आहेत. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते चाकानं उडून इथेच बसतं. शिवाय कुणीतरी घाईत जॅक चुकीच्या जागी लावतो आणि गाडीचं वजन नळीवर येतं. नळी फुटली नाही तरी चेपते आणि तेलाची वाट अरुंद होते.

हा बिघाड फसवा आहे. गाडी थंड असताना पुढच्या नळ्यांत तेल फारसं फिरतच नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये तपासताना सगळं कोरडं दिसतं. गाडी तापली, की गळती सुरू. आणि ही परतीची वाट असल्यामुळे तेलाच्या दाबाचा काटा काहीच सांगत नाही. टाकीत तेल आहे तोवर दाब ठीक दिसतो, टाकी संपली की एकदम पडतो. तोवर उशीर झालेला असतो. त्यात नळीच्या मागेच उजवं मागचं चाक. तेल टायरखाली आलं, तर इंजिनाआधी जिवाचा प्रश्न.

खरी परीक्षा थर्मोस्टॅटपाशी होते. त्याचं अंग ॲल्युमिनियमचं, नळीचा नट पोलादी. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी आणि वर्षांचा काळ. नट असा धरतो, की जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटेच उपटून येतात. नवशिका इथे लांब पाना घेऊन ताकद लावतो. नळी वाचवायला जातो आणि थर्मोस्टॅट गमावतो.

अनुभवी मेकॅनिक उलट हिशेब करतो. नळी नवी बनते, जुना थर्मोस्टॅट सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग पडतो. म्हणून तो नळी गेली असं आधीच धरतो. नटावर लांबीत एक चीर पाडतो, पण आट्यांना लागण्याआधी थांबतो. मग चिरेत छिन्नी घालून हलकेच पिळतो. नट उकलतो, आटे शाबूत राहतात.

नवी नळी जोडताना रबराचा होज नुसता क्लिप आवळून चालत नाही. गरम तेलाच्या दाबानं तो निसटतो. धातूची कडी यंत्रानं दाबूनच तो बसवावा लागतो. जुनी नळी ठेवायची असेल, तर ती दोन्ही बाजूंनी धुवावी लागते. आधी कधी इंजिन फुटलं असेल, तर त्याचा चुरा नळीत आणि कूलरमध्ये दडलेला असतो. नवं इंजिन बसवलं, की तोच चुरा त्यात जातो. जुन्या मरणाचं कारण नव्याच्या पोटात!

शेवटचं काम दोन मिनिटांचं. नट फिरवण्याआधी आट्यांना न धरू देणारा लेप लावायचा. त्यानं आज गाडी जास्त पळणार नाही, बिलातही तो दिसणार नाही. पण वीस वर्षांनी कुणीतरी अनोळखी माणूस त्या नटाला पाना लावेल. तो नट सुटला पाहिजे.

पाण्यावर थंड होणारी ९११ १९९०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि तेलाचा हा एकट्यानं वाहायचा भार संपला. त्याआधीच्या गाड्या मात्र अजून धावताहेत. तुमच्या आसपास एखादी जुनी गाडी असेल, कुठलीही, तर ती तापल्यावर एकदा खाली वाकून बघा.

भेटू पुढच्या भागात.