तेहतीस पानांचें पत्र

कांहीं गोष्टी नांव मिळण्यापूर्वीं शेंकडों वर्षें घडत आलेल्या असतात. परंतु नांव मिळालें कीं त्या नव्यानेंच उपजल्या असें लोकांस वाटूं लागतें. स्वमग्नतेचें, म्हणजे ऑटिझमचें, असेंच झालें आहे. 'पूर्वीं हीं मुलें कोठें होतीं?' असा प्रश्न छत्रपती संभाजीनगरांतील आमचे सुशिक्षित स्नेही आम्हांस नेहमीं विचारतात. तीं आपल्याच आळींत होतीं. एकास आपण खुळा म्हटलें, दुसऱ्यास मुका, आणि तिसऱ्याविषयीं 'ह्याचा बापही उशिराच बोलला' असें म्हणून स्वस्थ राहिलों.

ह्या नांवाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. मॉस्को येथील सुखारेवा नामक विदुषीनें १९२५ सालीं अशा मुलांचें वर्णन केलें. त्याकडे जगाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९४३ सालीं अमेरिकेंत लिओ कॅनर ह्यांनीं ११ मुलांचा वृत्तांत छापिला. त्यांतील पहिल्या मुलाच्या वडिलांनीं कॅनर ह्यांस ३३ पानांचें टंकलिखित पत्र धाडिलें होतें. बहुतेक मुलांचे आईबाप असेच उच्चशिक्षित होते. त्यावरून, बुद्धिमान परंतु मायेनें थंड अशा आईबापांमुळें मूल असें होतें, हा क्रूर समज रूढ झाला, आणि निरपराध माता कित्येक वर्षें दोषी ठरल्या. वास्तविक ज्यांस लिहितां येत होतें व दूरचा डॉक्टर परवडत होता, त्यांचींच मुलें कॅनर ह्यांच्या दृष्टीस पडलीं, इतकेंच!

हाच न्याय गरीब देशांस लागू पडतो. जेथें पाहणारा नाहीं, तेथें विकारही नाहीं असें कागद सांगतो. आपल्या १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत स्वमग्नतेचें नांव नव्हतें. तें १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत आलें, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें पक्कें झालें. २०१८ सालीं देशांतील ५ ठिकाणची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तर गोवा त्यांपैकीं एक. तींत २ ते ९ वर्षांच्या मुलांत दर शंभरांत सुमारें एक मूल स्वमग्न आढळलें.

मग इतके तज्ज्ञ आणावयाचे कोठून? ह्याचें एक उत्तर गोव्यानेंच शोधिलें. तेथें व रावळपिंडींत ६५ मुलांवर झालेल्या प्रयोगांत, तज्ज्ञ नसलेल्या परंतु नीट शिकविलेल्या कार्यकर्त्यांनीं आईबापांस मुलाशीं संवाद साधण्याची रीत दाखविली. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें मुलें आपण होऊन आईबापांशीं अधिक संवाद सुरू करूं लागलीं. सर्वच बाबतींत यश आलें असें नव्हे. पण वाट दिसली.

आतां आमचा अपराध सांगतों. आमच्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी हांकेस ओ देत नसे, बोटानें कांहीं दाखवीत नसे. त्यांनीं तें आम्हांस पुनः पुनः सांगितलें. 'बोलेल हळूहळू,' असें म्हणून आम्हीं त्यांची समजूत घातली. त्यांत दोन वर्षें गेलीं. प्रथम कान तपासावा, मग बालविकासतज्ज्ञ गांठावा, किंवा २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे न्यावें, एवढें सांगणें आम्हांस अवघड नव्हतें.

त्या माउलीस लिहितां येत नव्हतें. कॅनर ह्यांच्या टपालांत आलेलें पत्र ती आमच्या उंबऱ्यावर तोंडानें सांगत होती. तें आम्हीं ऐकून घेतलें नाहीं.