फरांग, खेक आणि नगरची अ‍ॅना

थाई भाषेत परक्या माणसासाठी जे अनेक शब्द आहेत, त्यांपैकी दोन मराठी वाचकाला थांबवणारे आहेत. पहिला ‘फरांग’. गोऱ्या युरोपीय माणसाला हा शब्द लावतात. त्याचे मूळ आणि आपल्या ‘फिरंगी’चे मूळ एकच, फ्रँक लोकांच्या नावावरून अरबी-फारसीच्या वाटेने तो पूर्वेकडे आला. तेथे पेरूच्या फळालाही फरांगच म्हणतात. आपल्या ‘पेरू’प्रमाणे तेही फळ समुद्रापलीकडून आलेले. दुसरा शब्द ‘खेक’. त्याचा मूळ अर्थ पाहुणा. मात्र व्यवहारात हा शब्द भारतीय, मलायी, अरब अशा माणसांसाठी रूढ झाला. बँकॉकच्या सीलोम रस्त्यावर तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या मारिअम्मनच्या देवळाला आजही ‘वात खेक’ म्हणतात. फरांग आणि पाहुणा यांच्यामध्ये एक रेघ आहे. ती रेघ शब्दकोशात नीट दिसत नाही. ती घर, पगार, कचेरी अशा रोजच्या व्यवहारात दिसते. सयाममधील परदेशी रहिवाशांचा इतिहास आम्हांला याच रेघेच्या बाजूने वाचावासा वाटतो.

हा इतिहास सहसा राजवाड्याच्या अंगाने सांगितला जातो. तथापि परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाचे खरे प्रश्न अगदी साधे असतात. राहायचे कोठे, आजारी पडलो तर काय, भांडण झाले तर न्याय कोणाकडे मागायचा आणि मेलो तर पुरणार कोठे? गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आपल्याला विश्वसनीय वाटतो, तो त्यातील लढायांमुळे जितका, तितकाच दक्षिणा, मुक्काम आणि भोजन यांच्या हिशेबामुळे. सयामच्या कागदपत्रांनाही ही कसोटी लावून पाहता येते.

१८ एप्रिल १८५५ रोजी ब्रिटन आणि सयाम यांच्यात झालेला बाउरिंग तह आयातीवरील तीन टक्के जकातीसाठी प्रसिद्ध आहे. आमचे लक्ष मात्र त्यातील राहण्याविषयीच्या कलमांकडे जाते. ब्रिटिश प्रजाजनाने बँकॉकमध्ये जमीन भाड्याने घ्यावी, घर विकत घ्यावे वा बांधावे; परंतु नगराच्या तटापासून सुमारे चार मैलांच्या आत जमीन विकत घ्यायची, तर दहा वर्षांचे वास्तव्य किंवा सरकारची खास परवानगी हवी. त्या पट्ट्याबाहेर, नगरापासून चोवीस तासांच्या प्रवासाच्या आत, त्याला घरे-जमिनी घेण्याची मोकळीक होती. आणि हे चोवीस तास देशी होडीच्या वेगाने मोजायचे होते. कायद्याच्या भाषेत होडीचा वेग यावा, यावरूनच ते शहर पाण्यावर कसे जगत होते हे कळते. राहायला येणाऱ्या प्रत्येकाने ब्रिटिश वकिलातीत आपले नाव नोंदवायचे होते. ब्रिटिश प्रजाजनाने गुन्हा केला, तर त्याचा न्याय सयामी न्यायाधीश करणार नव्हता. तो त्याचा स्वतःचा वकील, म्हणजे कॉन्सल, करणार होता. फ्रान्स, अमेरिका आदी राष्ट्रांनीही लगोलग असेच तह करून घेतले.

या व्यवस्थेचे नित्याचे रूप फार बोलके आहे. कालव्यांच्या त्या शहरात घोडा किंवा गाडी फिरवायला जागा नाही, त्यामुळे आमची प्रकृती बिघडते, अशी तक्रार पाश्चात्त्य रहिवाशांनी केली. राजा मोंगकुत याने १८६१ साली रस्ता बांधायला घेतला आणि १८६४च्या सुमारास ‘चरोन क्रुंग’ हा बँकॉकचा पहिला आधुनिक रस्ता पुरा झाला. म्हणजे आजच्या त्या महानगराच्या रस्त्यांची सुरुवात काही परक्यांच्या व्यायामाच्या गरजेतून झाली. प्रोटेस्टंट ख्रिस्त्यांच्या दफनभूमीसाठी तर राजाने तहाच्याही आधी, १८५३ मध्ये, नदीकाठची जमीन दिली होती. अमेरिकन मिशनरी डॉक्टर डॅन बीच ब्रॅडली तेथेच विसावला आहे. १८३५ साली आलेल्या या माणसाने देवीची लस टोचली, छापखाना चालवला, ‘बँकॉक रेकॉर्डर’ हे वृत्तपत्र काढले. पुढे फ्रेंच कॉन्सलने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो चालला अमेरिकन वकिलातीच्या कोर्टात, निकाल ब्रॅडलीच्या विरुद्ध गेला आणि १८६७ मध्ये वृत्तपत्र बंद पडले. दावा फ्रेंचाचा, आरोपी अमेरिकन, मजकूर सयामच्या राजकारणाविषयीचा. न्यायदानात मात्र सयाम कोठेच नाही!

आता खेकांकडे वळू. तहात ‘ब्रिटिश प्रजाजन’ असा शब्द होता आणि त्यात भारतीय, ब्रह्मी, मलायीही येत. गुजरातेत छापलेले ‘सौदागिरी’ कापड सयामी पसंतीच्या नक्षीचे असे. ते विकणारा व्यापारी कागदोपत्री इंग्रज साहेबाइतकाच कॉन्सलच्या छत्राखाली होता. कायद्याने दोघे एक. पण एक फरांग आणि दुसरा पाहुणा. पगार, बंगला, चर्चमधील जागा, मेजवानीचे आमंत्रण यांचा निवाडा तह करीत नव्हता.

याच काळात, मार्च १८६२ मध्ये, पाच वर्षांच्या मुलाला घेऊन अ‍ॅना लिओनोवेन्स बँकॉकच्या धक्क्यावर उतरली. राजपुत्र आणि राजकन्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी महिना शंभर डॉलरवर तिची नेमणूक झाली होती. तिच्या १८७०च्या पुस्तकावरून पुढे कादंबरी, संगीतिका आणि चित्रपट निघाले. राजाच्या विकृत चित्रणामुळे १९५६ आणि १९९९ या दोन्ही वर्षांच्या चित्रपटांवर थायलंडमध्ये बंदी आली. पुस्तकातील पुष्कळसा भाग अविश्वसनीय आहे, हे आता सर्वमान्य आहे. परंतु दास्य आणि जनानखान्याच्या भडक प्रसंगांआड दडलेली एक सलग कथा आम्हांला खरी वाटते, आणि ती घराची आहे. राजवाड्याजवळ स्वतंत्र घर देण्याचे वचन होते. राजाची इच्छा मात्र तिने आत राहावे अशी. ती नकार देते, कित्येक दिवस मंत्र्याच्या आश्रयाने काढते. मग मासळीबाजाराजवळचे एक गलिच्छ घर तिला दाखवले जाते, ती पुन्हा नकार देते. शेवटी मनासारखे घर मिळते, तेव्हा ती ते घासूनपुसून घेते. पुढे पगारवाढीवरून कुरबूर होते. येथे ती नायिका नसते. नोकरीतील एक विधवा असते.

ही विधवा कोण होती? आपण १८३४ साली वेल्समध्ये जन्मलो, पती सैन्यात मोठा अधिकारी होता, असे ती सांगे. संशोधकांना नोंदी सापडल्या त्या निराळ्या. १९७६ मध्ये डब्ल्यू. एस. ब्रिस्टो यांनी या कथेला पहिला तडा दिला आणि नंतरच्या चरित्रकारांनी तपशील भरले. अ‍ॅनाचा जन्म नोव्हेंबर १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. वडील मुंबई इलाख्याच्या सैन्यात साधे सार्जंट. ते तिच्या जन्मापूर्वीच वारले. आईची आई भारतीय किंवा मिश्रवंशीय असावी, असे अभ्यासक मानतात. १८४९च्या नाताळच्या दिवशी पुण्यात तिचे लग्न झाले ते एका कारकुनाशी. तो १८५९ मध्ये पिनांगला वारला.

हे उघडकीस आले तेव्हा तिला खोटारडी ठरवणे सोपे होते, आणि मोंगकुतच्या बदनामीविषयी थाई लोकांचा राग रास्तच आहे. पण खोटे का बोलली, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या रेघेपाशी सापडते. नगरच्या लष्करी छावणीत वाढलेली, कदाचित देशी रक्ताची, कारकुनाची विधवा ‘इंग्लिश गव्हर्नेस’ म्हणून शंभर डॉलर मागू शकली नसती, मासळीबाजारातले घर नाकारू शकली नसती. तिचे फरांगपण हीच तिची उपजीविका होती. १८८४ मध्ये तिने हिंदुस्थानावर पुस्तक लिहिले, त्यातही वेल्सहून शाळा संपवून प्रथमच मुंबईला उतरणारी मुलगी म्हणूनच तिने स्वतःला उभे केले. जन्मभूमीचे वर्णन तिला परक्याच्या डोळ्यांनी करावे लागले. आमच्या मते तिच्या साऱ्या लेखनातील सर्वांत करुण गोष्ट हीच.

विशेष अधिकारांचा हा काळ पुढे ओसरला. १९०९च्या तहात सयामने चार मलायी राज्ये ब्रिटनला दिली आणि त्या बदल्यात ब्रिटिश प्रजाजनांवरील न्यायाचा अधिकार बराचसा परत मिळवला. १९३०च्या दशकाअखेर तो पूर्ण आला. आज परदेशी माणसाला तेथे सामान्यतः जमीन घेता येत नाही. इमारतीतील सदनिका घेता येते, तीही एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांच्या मर्यादेत. १९७९च्या कायद्यानुसार तात्पुरत्या वास्तव्याच्या परवान्यावर राहणाऱ्याने दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा, आणि त्याला जागा देणाऱ्याने चोवीस तासांत वर्दी द्यायची. होडीचा वेग जाऊन घड्याळ आले आणि नोंदवही वकिलातीतून थाई सरकारच्या टेबलावर गेली. शंभर वर्षांपूर्वीचा विशेषाधिकार आठवला, म्हणजे या जाचक वाटणाऱ्या नियमांमागची थाई स्मृतीही समजू लागते.

अ‍ॅना १८६७ मध्ये बँकॉक सोडून गेली, ती परतली नाही. १९१५ साली ती मॉन्ट्रियलमध्ये वारली. तिचा मुलगा लुई मात्र परतला, राजाच्या घोडदळात राहिला, सागवानाच्या धंद्यात शिरला आणि त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली. त्याच्या आईला एका घरासाठी इतके झगडावे लागले, त्याच शहरात. वसाहतकालीन गद्य शिकवताना अ‍ॅनाचे पुस्तक वर्गात घ्यायचे झाले, तर जनानखान्याची प्रकरणे बाजूला ठेवून घर शोधण्याचे प्रकरण आधी वाचावे, असे आम्ही सुचवू. आणि मासळीबाजाराचा वास येणाऱ्या त्या पानापाशी थांबून विद्यार्थ्यांना हेही सांगावे, की ही बाई मूळची नगरची.