लग्नगड्याचा हिशेब

लग्नासाठी सावकाराकडून पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या शेतावर, त्याच्या गोठ्यात राबायचे. जुन्या ठाणे जिल्ह्यात अशा माणसाला लग्नगडी म्हणत. वही सावकाराची, अंगठा गड्याचा. कामाच्या बदल्यात भात मिळे, तोही पोटाला पुरेल इतका नाही. मग पावसाळ्यात खावटीसाठी पुन्हा उचल, आणि कर्ज होते तिथेच. लग्नाचे पैसे नवऱ्याने घेतलेले असले तरी राबायचे दोघांनी. बायकोचे श्रम त्या व्यवहारात न बोलता धरलेलेच असत. बाप थकला की मुलगा त्याच्या जागी उभा राही.

विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे जाणारी पहिली लोकल १८६७ च्या एप्रिलमध्ये धावली. रुळांच्या दक्षिण टोकाला पुढे गिरण्या उभ्या राहिल्या, गिरणी कामगारांचे संप झाले, रेल्वेच्या युनियन झाल्या, बोनस आणि महागाई भत्ता हे शब्द घरोघरी पोचले. उत्तर टोकाला, जीवदानीच्या डोंगरामागे खानिवडे, शिरसाड, उसगावच्या बाजूला पसरलेल्या वारली, काथोडी, मल्हार कोळ्यांच्या पाड्यांवर यातले काहीच पोचले नव्हते. लोकलची शिट्टी ऐकू येईल इतक्या अंतरावर माणसे कर्जापोटी बांधलेली होती, आणि हे १९८० उलटल्यावरही चालू होते.

असे नव्हे की कोणी उठलेच नव्हते. डहाणू-तलासरी पट्ट्यात शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारल्यांना एकत्र केले. मे १९४५ मध्ये झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असे ठरवून उठले. गवत कापणीसाठी पाचशे पौंडांमागे अडीच रुपये, ही त्यांची मागणी. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पाच जण मारले गेले. तरी संप मोडला नाही, आणि त्या तालुक्यांतली लग्नगडी पद्धत उखडली गेली. गोदावरीबाईंनी ती हकिगत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. दक्षिणेकडे वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात मात्र सावकाराची वही उघडीच राहिली.

मग दिल्लीहून कायदा आला. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ साली वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियम झाला. कागदावर हा कायदा आजही जबरदस्त वाटतो. वेठीचे कर्ज रद्द. ते वसूल करणे हाच गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे, हे वेठीचे कर्ज नव्हे हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर. अंगठा उठवणाऱ्याने काही शाबीत करायचे नव्हते. अडचण एवढीच की वेठबिगार आहे हे ओळखून त्याला सोडवण्याचे काम कलेक्टर, प्रांत, तहसीलदार यांच्याकडे होते, आणि त्यांच्यापर्यंत जाण्यासाठी गड्याला आधी मालकाच्या अंगणातून पाऊल बाहेर टाकावे लागे.

विवेक आणि विद्युल्लता पंडित हे दांपत्य विरारजवळच्या दहिसर गावात येऊन राहिले ते याच सुमारास. मुंबईच्या उपनगरातले दहिसर ते वेगळे. १९७९ मध्ये त्यांनी विधायक संसद ही संस्था काढली. रचनात्मक काम करायचे, लोकांच्या उपयोगी पडायचे, असा हेतू होता. पण ज्यांच्यासाठी हे करायचे त्यांचा दिवसच मालकाच्या मालकीचा आहे, हे लक्षात आल्यावर १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली.

त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला होता. हे दोन लढे एकाच रेल्वेमार्गाच्या दोन टोकांना चालले होते, आणि त्यांच्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे. गिरणी कामगाराकडे रोखून धरायला श्रम होते. मजुरीचा करार होता, तो वाढवून मागता येत होता. लग्नगड्याकडे करारच नव्हता. तो कामावर गेला नाही तर त्याला संप कोणी म्हणत नसे, पळाला म्हणत आणि शोधून आणत. त्यामुळे श्रमजीवी संघटनेला पगारवाढीच्या आधीचे काम करावे लागले: आपला सदस्य मजूर आहे, कोणाची वस्तू नाही, हे सरकारी कागदावर लिहून घेणे.

म्हणून सारी धडपड मुक्ती प्रमाणपत्रासाठी होती. पाड्यावर बैठक घ्यायची, कर्ज केव्हाचे, कशासाठी, किती वर्षे राबला हे गड्याच्या तोंडून काढायचे, अर्ज लिहायचा, प्रांताकडे मोर्चा न्यायचा, जबाब नोंदवून घ्यायचा. जबाबाची वेळ सर्वांत कठीण. पिढ्यान्पिढ्या ज्याच्यासमोर मान वर केली नाही, त्याच्यासमोर उभे राहून बोलायचे. शिवाय मुक्त झालेल्यालाही संध्याकाळी चूल पेटवायची असते. मालकाने काम तोडले तर खायचे काय? राज्यात १९७९ पासून रोजगार हमी कायदा लागू होता. काम मागण्याचा तो हक्क नसता, तर सुटका आठवडाभर तरी टिकली असती का?

सर्वोच्च न्यायालयाने याच काळात पाठबळ दिले. आशियाई स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, १९८२ मध्ये, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवून घेणे ही सक्तीची मजुरीच, असा निकाल आला. पुढच्याच वर्षी बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की सक्तीची मजुरी दिसली तर ती उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे. शेकडो वेठबिगार सुटले. १९९९ साली पंडित दांपत्याला लंडनच्या अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनलचा पुरस्कार मिळाला.

शेतावरची वेठ मागे हटली तशी ती वीटभट्टीवर दिसू लागली. वसई-विरार वाढत होते, इमारतींना वीट हवी होती. पावसाळ्याच्या तोंडाला बयाणा घ्यायचा, दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून भट्टीवर जायचे. नवरा-बायको मिळून एक जोडी, दर हजार विटांवर. बाजाराच्या दिवशी हातात फक्त खर्ची, खरा हिशेब जूनमध्ये. अवकाळी पावसाने कच्च्या विटा विरघळल्या तर नुकसान जोडीच्या माथी मारले जाई. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. विटा पलटणाऱ्या मुलांसाठी विधायक संसदेने तिथेच शाळा भरवल्या, त्या भोंगाशाळा. पोरे शाळेच्या दारी येत नाहीत तर शाळा त्यांच्या भोंग्यापाशी नेली, हे या साऱ्या इतिहासातले सर्वांत लोभस पान.

सुटलेल्याच्या पुनर्वसनाची रक्कम १९७८ मध्ये चार हजार रुपये होती. २०१६ पासून ती पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाखांपर्यंत गेली. पण २०१६ च्या त्याच योजनेत पूर्ण रक्कम मालकाच्या शिक्षेशी जोडली गेली. खटला रेंगाळला की पैसे अडले, आणि हातात राहते ती तातडीची थोडी मदत. कायद्याने शाबितीचा भार सावकारावर टाकला होता, योजनेने त्याचा खर्च गड्यावर टाकला. तिथेच उचल परत सुरू होते. २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघड झाले. एका लहान मुलीचा जीव गेल्यावर. ते बाहेर काढण्यात श्रमजीवीचे कार्यकर्ते पुढे होते. मुलांच्या बदल्यात आईबापांना मिळत होते काही हजार रुपये आणि एखादी मेंढी.