सात घरांचं एक अंगण



आजी-आजोबा आणि नातवंडं एकमेकांना सहज दिसावीत, यासाठी घरं कशी बांधावीत? याचं एक उत्तर आपल्या बेलपाड्याजवळच, बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आहे.

मुंबईच्या गिरणगावातल्या चाळींत हे काम सामाईक गॅलरी करायची. खोली एवढीशी, म्हणून म्हातारी माणसं आणि मुलं बाहेरच असायची. नंतर फ्लॅट आले. जागा वाढली, पण दारं बंद झाली.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली. तिचे पहिले मुख्य वास्तुकार चार्ल्स कोरिया. त्यांनीच १९८० च्या दशकात ही वसाहत आखली. त्यांचा हिशेब साधा होता: सात घरांमागे एक अंगण, सुमारे ८ मीटर लांब-रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांना सुमारे १२ मीटरचं मोठं अंगण. त्याहून मोठ्या गटाला आणखी मोठी मोकळी जागा. असं करत साधारण साडेपाच हेक्टरांत ५५० कुटुंबांची सोय केली, तीही बैठ्या आणि एकमजली घरांत.

आठ मीटर म्हणजे एका दारातून हाक मारली की समोरच्या दारात ऐकू जाते. तांदूळ निवडणाऱ्या आजीची नजर खेळणाऱ्या मुलांवर आपोआप राहते. सात घरांत कोण कोणाचं, हेही लक्षात राहतं. सत्तर घरांत ते जमत नाही.

दुसरी गोष्ट, कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. मुलाचं लग्न झालं की शेजाऱ्याला न दुखावता खोली वाढवता यावी, हा त्यामागचा विचार. भूखंडही ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे लहान-मोठ्या घरात फार अंतर नाही.

पुढे अनेकांनी मूळ कौलारू घरं पाडून मोठी बांधली. काहींना त्याची हळहळ वाटते. पण घर वाढणार, हे कोरियांनी धरलंच होतं. वाढायचं नव्हतं ते अंगणावर.

आता आपल्या भागातही जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या सभा होतात. चटईक्षेत्र किती, पार्किंग किती, हे सगळे विचारतात. सासूबाई संध्याकाळी कुठे बसतील आणि तिथून मुलं दिसतील का, हेही नकाशावर बोट ठेवून विचारा. सही करण्याआधीच विचारा, नंतर कुणी नकाशा बदलत नाही.