इराकवरील निर्बंध आणि केंब्रिजमधील विद्यार्थ्यांची चळवळ

इंग्रजीतील 'सँक्शन' हा शब्द भाषेच्या अभ्यासकास विशेष कुतूहलाचा वाटतो. त्याचे मूळ लॅटिन धातूत असून त्याचा अर्थ 'विधिपूर्वक पवित्र अथवा दृढ करणे' असा आहे. रोमन कायद्यात नियमभंगाची शिक्षा सांगणाऱ्या कलमास हे नाव मिळाले, आणि पुढे एकाच शब्दातून 'मान्यता' व 'दंड' असे दोन विरुद्ध अर्थ निघाले. मराठीने हे दोन अर्थ 'मंजुरी' आणि 'निर्बंध' अशा निराळ्या शब्दांत वाटून घेतले. तथापि 'निर्बंध' या सौम्य शब्दामागील व्यवहार समजण्यास आपला 'वाळीत टाकणे' हा जुना वाक्प्रचार अधिक उपयोगी पडतो. अपराध एकाचा असतो, पण पाणी तुटते ते साऱ्या घराचे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इराकवर जे निर्बंध लादले गेले, त्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांच्या आक्षेपाचे सार एवढेच होते. प्रस्तुत लेखात त्या चळवळीपैकी केंब्रिज येथील शाखेचा विचार करावयाचा आहे. कारण शब्द व आकडे हे पुरावा म्हणून कसे वापरले जातात, हा प्रश्न तिच्या इतिहासात फार स्पष्टपणे उभा राहतो.

प्रथम घटनाक्रम पाहू. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. ६ ऑगस्ट रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ६६१ संमत करून इराकशी होणारा जवळजवळ सर्व व्यापार बंद केला. औषधे, आणि मानवतेच्या दृष्टीने आवश्यक असेल तेव्हा अन्नपदार्थ, एवढाच अपवाद ठेवण्यात आला. १९९१ च्या युद्धानंतर कुवेत मुक्त झाले. परंतु ३ एप्रिल १९९१ च्या ठराव क्रमांक ६८७ ने निर्बंधांचा संबंध इराकच्या निःशस्त्रीकरणाशी जोडला, आणि ते पुढे चालूच राहिले. तेलाची निर्यात हेच ज्या देशाच्या उत्पन्नाचे मुख्य साधन, त्यास ते साधन नाहीसे झाल्यावर अपवादात बसणारे धान्य विकत घेण्यासही पैसा उरेना. युद्धात वीजकेंद्रे उद्ध्वस्त झाली होती. विजेवाचून जलशुद्धीकरण चालत नाही व सांडपाणी उपसले जात नाही. रोगराईचे कारण या साखळीत शोधावे लागते.

यावर उपाय म्हणून एप्रिल १९९५ मध्ये ठराव क्रमांक ९८६ अन्वये 'तेलाच्या बदल्यात अन्न' ही योजना मंजूर झाली. प्रत्यक्ष तेल बाहेर पडू लागण्यास डिसेंबर १९९६ उजाडला. आरंभी दर सहा महिन्यांस दोन अब्ज डॉलरांचेच तेल विकण्याची मुभा होती, आणि त्यातूनही तीस टक्के रक्कम युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी कापली जाई. मागविलेला माल निर्बंध-समितीपुढे येई. समितीच्या कोणाही सदस्यास तो अडवून धरता येई. क्लोरीन, पंप, सुटे भाग या वस्तू लष्करी उपयोगाच्याही ठरू शकतात, अशा कारणाने कित्येक करार अमेरिका व ब्रिटन यांनी रोखून धरले.

या परिस्थितीत १९९७ साली केंब्रिज विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी इराकवरील निर्बंधांविरुद्धची एक मोहीम संघटित केली. तिची भूमिका तिने निवडलेल्या शब्दांवरूनच कळते. विरोध केवळ 'बिगरलष्करी' निर्बंधांना होता. शस्त्रास्त्रांवरील बंदी उठवावी असे तिचे म्हणणे नव्हते. इराकच्या सरकारशी आपला कोणताही संबंध नाही व त्यास आपला पाठिंबा नाही, हेही तिने वारंवार स्पष्ट केले. सद्दाम हुसेनच्या राजवटीची क्रूरता मान्य करून तिच्या प्रजेचा कैवार घेणे, ही दुहेरी जबाबदारी सोपी नव्हती. निर्बंधांवर टीका करणाऱ्यास 'हुकूमशहाचा वकील' ठरविणे त्या काळी फार स्वस्त होते.

निषेधाच्या घोषणा अन्यत्रही झाल्या. १८ फेब्रुवारी १९९८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात परराष्ट्रमंत्री मॅडलीन ऑलब्राइट आणि त्यांचे सहकारी इराकवरील नियोजित बाँबहल्ल्याचे समर्थन करावयास आले असता सभेत झालेला गदारोळ दूरचित्रवाणीवरून जगभर दिसला. केंब्रिजच्या मंडळींनी मात्र मुख्य भर ठेवला तो वाचनावर. ठरावांची मूळ कलमे, संयुक्त राष्ट्रसंघाचे अहवाल, संसदेतील उत्तरे यांचा संग्रह करावयाचा, ते एकमेकांशी ताडून पाहावयाचे, आणि सामान्य नागरिकास समजेल अशा भाषेत मांडावयाचे, असा तो क्रम होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांनी केंब्रिज येथे या विषयावर परिषदही भरविली.

या सवयीचे फळ फेब्रुवारी १९९३ नव्हे, तर २००३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे युद्ध अगदी तोंडावर आले असता मिळाले. ब्रिटिश सरकारने इराकच्या गुप्तचर यंत्रणेविषयी एक टिपण प्रसिद्ध केले होते, आणि ५ फेब्रुवारी रोजी कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत त्याची प्रशंसाही केली. केंब्रिजमधील अध्यापक व या मोहिमेचे कार्यकर्ते ग्लेन रंगवाला यांस ते वाचताना मजकूर ओळखीचा वाटला. त्यातील बराच भाग इब्राहिम अल-मराशी या संशोधक विद्यार्थ्याच्या २००२ सालच्या लेखातून, त्याचे नावही न घेता, उचललेला होता. मूळ लेखात चुकून पडलेला एक स्वल्पविरामसुद्धा तसाच उतरला होता. पाठचिकित्सेचा अभ्यास करणारास हा पुरावा परिचित आहे: समान शुद्धपाठावरून दोन पोथ्यांचे नाते सिद्ध होत नाही, समान अपपाठावरून होते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे जेथे शब्द बदलले होते, तेथे ते हेतुपुरस्सर तीव्र केलेले होते. परकीय वकिलातींवर 'लक्ष ठेवणे' याचे 'हेरगिरी करणे' झाले. शत्रुराष्ट्रांतील 'विरोधी गटांना' मदत याच्या जागी 'दहशतवादी संघटनांना' पाठिंबा असे आले.

येथवरचा वृत्तान्त चळवळीस भूषणावह आहे. परंतु इतिहासकारास दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निर्बंधविरोधकांच्या हाती सर्वांत प्रभावी असे जे साधन होते, ते बालमृत्यूंच्या आकड्यांचे. ऑगस्ट १९९९ मध्ये युनिसेफने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार मध्य व दक्षिण इराकमध्ये पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे ५६ वरून १३१ वर गेले होते. त्यावरून पाच लक्ष अधिक बालमृत्यूंचा अंदाज जगभर रूढ झाला. मात्र २००३ नंतर झालेल्या अनेक स्वतंत्र पाहण्यांत अशी वाढ आढळली नाही. २०१७ साली टिम डायसन व वॅलेरिया चेटोरेली यांनी या सर्व पाहण्यांची तुलना करून १९९९ च्या आकडेवारीत इराकी सरकारने फेरफार केला होता, असा निष्कर्ष मांडला.

यावरून चळवळच खोटी होती असे अनुमान काढणे योग्य होणार नाही. युनिसेफचा आकडा हे त्या वेळचे सर्वांत अधिकृत प्रमाण होते. विद्यार्थ्यांनी तो बनविलेला नव्हता. शिवाय निर्बंधांचे दुष्परिणाम त्या एका आकड्यावर अवलंबून नव्हते. इराकमधील राष्ट्रसंघाच्या मानवतावादी कार्याचे प्रमुख डेनिस हॅलिडे यांनी १९९८ साली, आणि त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन श्पोनेक यांनी २००० साली, या धोरणाच्या निषेधार्थ राजीनामे दिले. तरीही एक भेद नजरेआड करता येत नाही. सरकारी टिपणाची मूळ प्रत कोणाही वाचकास मिळण्याजोगी होती, म्हणून तेथे चिकित्सा सफल झाली. पाहणीची मूळ सामग्री ज्या राजवटीच्या देखरेखीखाली जमली, तिलाच मोठा आकडा हवा होता. विरोधी पक्षाच्या पुराव्याची आपण जशी छाननी करतो, तशी आपल्या पक्षास सोयीच्या पुराव्याची सहसा करीत नाही. हा दोष एकट्या केंब्रिजचा नव्हे, सर्व सत्प्रवृत्त चळवळींचा आहे.

निर्बंध अखेर उठले ते २२ मे २००३ च्या ठराव क्रमांक १४८३ ने, म्हणजे परकीय सैन्ये बगदादमध्ये शिरल्यानंतर. ज्या मोहिमेने बिगरलष्करी उपायांची चिकित्सा केली, तिचे उद्दिष्ट लष्करी उपायाने, तिच्या इच्छेविरुद्ध रीतीने साध्य झाले. तिचे यश अन्यत्र शोधले पाहिजे. विद्यार्थ्यांनी राज्यकर्त्यांचे कागद शब्दशः वाचले आणि इतरांसही वाचावयास लावले, हे ते यश होय. संशोधनाची जी शिस्त आपण वर्गात शिकवितो, तिचा नागरिकाच्या जीवनाशी काय संबंध, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. त्या स्वल्पविरामात त्याचे उत्तर आहे. आणि त्या १३१ च्या आकड्यात त्या उत्तराची मर्यादाही आहे.